मावशी, तुम्ही कारण सांगितलं नाहीत म्हणून

ती. मावशींना,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर पिशवी उचलून निघता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. कुणाच्या घरी दुखणं आलं की आपली चर्चची मंडळी धावते, पण तिथं जाऊन काय बोलावं आणि काय बोलू नये हे आपल्याला कुणी शिकवत नाही. तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला हवं.

ह्यांना झटका आला तो ऐन पावसाळ्यात. डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. पाणी हवं असलं की "घड्याळ" म्हणायचे, आणि शब्द चुकला हे लगेच कळायचं म्हणून रडायचे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस.

सुरुवातीला घर भरलेलं असायचं. प्रार्थना झाल्या, डबे आले. ते ऋण आहेच. पण प्रार्थनेनंतर चहा घेता घेता बोलणी निघायची. एकानं विचारलं, घरात देवापुढं कबूल करायचं काही राहिलंय का? दुसऱ्या बाई म्हणाल्या, विश्वास पुरेसा असता तर एव्हाना उठून बसले असते. बाहेरगावच्या एका प्रचारकानं तेल लावून प्रार्थना केली आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा, देवावर टाका, असं सांगून तो गेला. त्या रात्री गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मी बसले होते. गोळी देणं म्हणजे अविश्वास का, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. सकाळी तुम्ही आलात, सगळं ऐकून घेतलंत, पट्टीतली गोळी काढून ह्यांना दिलीत आणि मग म्हणालात, "शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. वैद्यकी सोड असं पौलानं त्याला सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही."

मिशन हॉस्पिटलात उभी हयात नर्स म्हणून काढलेल्या तुम्ही. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, खाली दुहेरी चादर घालून एकटीनं माणूस कसा सरकवायचा, माकडहाडापाशी कातडी लाल दिसली तर चोळायची नाही, फक्त भार काढून घ्यायचा, हे तुम्ही मला करून दाखवलंत. पेज भरवताना मान मागं टाकू द्यायची नाही, हनुवटी खाली घ्यायची. आणि घास संपला तरी लुळ्या बाजूच्या गालात शीत अडकून राहतं, ते बोटानं काढायचं. ते बोट तुम्ही स्वतः घातलंत, पदराला पुसलंत आणि पुढचा चमचा भरलात. विश्वासावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. पण त्या दुपारी माझ्या मनाला जो धीर आला, तो एकाही उपदेशानं आला नव्हता.

मला देवाचा राग आला होता. प्रार्थनेला बसले की तोंडून शब्द निघत नसे. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दचकला नाहीत. पवित्र शास्त्र काढून स्तोत्र ८८ वाचलंत. त्याच्या शेवटच्या ओळीतही उजेड नाही, अंधारच आहे. वाचून मिटलंत आणि म्हणालात, "हेही देवाच्याच पुस्तकात आहे. आज एवढंच म्हण." मग बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट निघाली. त्याचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानं बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. आणि शेवटी देव रागावला तो कारणं सांगणाऱ्यांवर. इतके दिवस तक्रार करत देवाशी भांडणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असं देवानंच सांगितलं. लहानपणी शब्बाथ शाळेत आम्हाला ईयोबाची सहनशीलता शिकवली, त्याचं भांडण कुणी शिकवलं नाही. ते मला तुमच्याकडून मिळालं, आणि त्यामुळेच मी देवाशी बोलणं तोडलं नाही.

त्या संध्याकाळचं तर लिहायलाच हवं. तुम्ही ह्यांच्या उशाशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होतात. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" झालं आणि "तुझे नाव पवित्र मानले जावो" ह्यांच्या तोंडून आलं. स्पष्ट. स्वतःच्या मुलीचं नाव न येणारा माणूस आमेनपर्यंत आला. मी ओरडलेच. रविवारी साक्ष द्या, चमत्कार झाला म्हणून सांगा, असा आग्रह सगळ्यांनी धरला. तुम्ही मात्र आधी वाचा-उपचार करणाऱ्या ताईंना विचारायला लावलंत. त्यांनी समजावलं की डाव्या मेंदूला इजा होऊन बोलणं गेलं तरी गाणी आणि पाठ असलेल्या प्रार्थना पुष्कळांना म्हणता येतात. सुराच्या आधारानं बोलणं शिकवण्याची एक पद्धतच १९७३ पासून माहीत आहे. तुम्ही ते मंडळीत जसंच्या तसं सांगितलंत. काहींचा हिरमोड झाला. देवाच्या गौरवासाठीसुद्धा खोटं बोलायचं नाही, हे तुमचं वागणं मला चमत्काराइतकंच मोठं वाटतं. आणि लहानपणी पाठ केलेली प्रार्थना सगळं गेल्यावरही माणसाजवळ राहते, याबद्दल मी देवाचे आभार रोज मानते.

तुमची ही घडण कुठली, असं मी विचारलं तेव्हा आजीचं नाव घेतलंत. १८९७ च्या दुष्काळात पोरकी झालेली ती पोर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात वाढली. रमाबाईंनी स्वतः आई, वडील आणि बहीण दुष्काळात गमावलेली, पुढं भाऊ गेला, दोन वर्षांत नवरा गेला, आणि १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. आजी सांगायची, बाईंनी दुःखाचं कारण कधी सांगितलं नाही, पोरींना जेवायला घातलं.

संकटात माणसं कळतात म्हणतात, तीही कळली. चर्चची पायरी न चढणाऱ्या धाकट्या दिरांनी न बोलता औषधांचं बिल भरलं. काही जवळचे यायचे थांबले. त्यांना आमच्याकडं बघवत नसावं, असं मी मानते. रोमकरांस पत्रात पौल संकटाकडून धीराकडं, धीराकडून शीलाकडं आणि तिथून आशेकडं जातो. माझं अजून धीरापाशीच चाललं आहे.

आता हे काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. "पाणी" म्हणतात. "घड्याळ" अजून मधूनच येतं, पण आता आम्ही दोघं हसतो.

मागच्या गल्लीतल्या सुतारांच्या घरीही तेच दुखणं आलं आहे. गुरुवारी मी तिथं जाऊन त्यांच्या सुनेला चादर घालायला शिकवलं. भरवण्याचं शिकवायला पुढच्या खेपेला तुम्ही सोबत चला. आणि तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की आधी मला कळवायचं. रात्रीची पाळी माझी. त्यात वाद घालायचा नाही.

तुमची भाची,
नगर