पत्रे तीन वर्षांत आले नाहीत, चौकशी एका रात्रीत आली

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या बोर्डिंगच्या अंगणात फेटा बांधून घेऊन "पुढच्या पावसाळ्याआधी नवे पत्रे टाकून देतो" असे ज्यांनी माइकवर सांगितले, ते ओळखतीलच. पत्रे आले नाहीत. गेल्या रविवारी आपले भाषण मात्र आले: या चर्चवाल्यांनी आफ्रिकेत बंदुकांना पैसा पुरवला, इथे काय चालते ते तपासा. सोमवारी दोन साहेब दारात. यालाच गतिमान प्रशासन म्हणत असावेत.

आता आफ्रिका. आपल्याला चिठ्ठी लिहून देणाऱ्याने अर्धीच लिहिली. सप्टेंबर 1970 मध्ये जागतिक चर्च परिषदेने वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या 19 संघटनांना 2 लाख डॉलर दिले, हे खरे. तेव्हाच्या साडेसात रुपयांच्या भावाने पंधरा लाख. संघटनेमागे सरासरी एकोणऐंशी हजारही नाहीत. तुमच्या बंगल्याच्या रंगरंगोटीला याहून जास्त लागले. नसतील लागले, तर बिल दाखवा. पैसा शस्त्रांसाठी नव्हता, पण तो कसा खर्च होतो यावर परिषदेने देखरेख ठेवली नाही, आणि वाद पेटला तो तिथेच. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर यांनी तिथल्या चर्चना परिषद सोडा म्हणून दम भरला. त्या चर्चनी अनुदानावर टीका केली, पण परिषद सोडली नाही. दमदाटी आम्हाला नवी नाही, साहेब.

त्या वेळी परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते केरळचे एम. एम. थॉमस. 1990 मध्ये तेच नागालँडचे राज्यपाल झाले. बंदुकवाल्यांच्या साथीदाराला राजभवन कोणी दिले, याचीही चौकशी लावा. त्याच वर्षी मंडेलांना भारतरत्न दिले, त्यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षालाही या निधीतून मदत मिळत आली होती. ती फाईलही मागवा.

यात दुखणारी गोष्टही आहे, ती लपवत नाही. जून 1978 मध्ये ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, व्हुंबा इथे मिशनरी आणि त्यांची मुले मिळून तेरा जण मारले गेले, त्यात तीन आठवड्यांचे बाळ होते. ऑगस्टमध्ये परिषदेने तिथल्या गोऱ्या राजवटीविरुद्ध बंदूक घेऊन लढणाऱ्या पॅट्रिऑटिक फ्रंटला 85 हजार डॉलर जाहीर केले. मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी, ही ख्रिस्ती सेवासंस्था), जिचा दवाखाना आपल्या नगरात आहे तिनेच, परिषदेचे सभासदत्व स्थगित केले आणि 1981 मध्ये ती परिषदेतून बाहेर पडली. आमचे शेजारी मुक्तिफौजेचे, वडील आमच्या मंडळीचे. ओट्यावर रात्री दोघांचे कडाक्याचे भांडण व्हायचे. वडील परिषदेची बाजू घेऊन भांडायचे, आणि रविवारी अर्पणाची थैली समोर आली की पाकीट खिशातच ठेवायचे. महिनाभर असे चालले. मग एका रविवारी चारही पाकिटे एकदम टाकली. का, ते त्यांनी सांगितले नाही. आईनेही विचारले नाही.

म्हणजे हा हिशेब आम्ही आमच्या ओट्यावर, एकमेकांच्या तोंडावर मागितला आहे. तुमच्या पक्षात कोणी कोणाला मागतो का? कारखान्याच्या निवडणुकीत वाटलेल्या पाकिटांचे काय झाले? ऊसतोड मजुरांच्या मतावर आमदार होतात, त्यांची पोरे आमच्या गळक्या पत्र्याखाली झोपतात, आणि परदेशी पैसा आमच्याकडे शोधतात! एकाहत्तराव्या वर्षी, गुडघे गेलेले असताना, परवा मी शिडी धरून प्लॅस्टिक टाकले. हात कापला, चार टाके पडले. रिक्षाचे भाडेसुद्धा पोरांच्या पालकांनी दिले.

सोमवारी साहेबांनी विचारले, "परदेशी पैसा कुठे ठेवता?" मी अर्पणाची वही पुढे केली. गेल्या रविवारचे अकराशे चाळीस रुपये. ते आकडा लिहून घेत असतानाच कागदावर टपकन थेंब पडला. साहेबांनी खुर्ची सरकवली, तिथेही गळत होते. शेवटी त्यांना मुलांच्या ट्रंकांमध्ये, कोपऱ्यात बसवले. अहवालात हे लिहिले आहे का, तेवढे कळवावे.

आपला,
बोर्डिंगचा निवृत्त रेक्टर
जि. अहिल्यानगर