शाळा सुटल्यानंतरच्या तासांना बजेट कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की पेपरात समर कॅम्पच्या जाहिराती सुरू होतात, स्केटिंग, रोबोटिक्स, अबॅकस, स्विमिंग, चांगलंच आहे, ज्यांना परवडतं त्यांनी पोरांना जरूर पाठवावं. माझं पत्र ज्यांच्यासाठी कुणी जाहिरात देत नाही त्या पोरांबद्दल आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळची अभ्यासिका चालवते, वस्तीतल्याच दोन मुली ताई म्हणून शिकवतात. येणाऱ्या पोरांपैकी कुणाची आई घरी विड्या वळते, कुणाचे वडील पॉवरलूमवर आहेत, घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, आणि राहायला एक खोली. त्या खोलीत पान-तंबाखूचं सूप, टीव्ही आणि धाकटं बाळ एवढं सगळं असताना पोरगं गृहपाठ कुठे बसून करणार हे मला कुणीतरी सांगावं.

शाळा पाच-साडेपाचला सुटते आणि आई-वडील मोकळे व्हायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. मधले तीन-चार तास आणि मे ते जूनच्या मध्यापर्यंतची सुट्टी, या वेळेची जबाबदारी आपल्याकडे कुठल्याच खात्याची नाही. शिक्षण विभाग म्हणतो आमची वेळ संपली, महिला-बालविकासचा भर लहान बाळांवर, क्रीडा विभागाला खेळाडू हवेत. आणि कायदा काय म्हणतो बघा. बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली त्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, पण शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या उद्योगात मदत केली तर ती चालते. धोक्याच्या उद्योगांना यात सूट नाही, हे खरं, पण घराच्या आत बघायला कोण येतं? म्हणजे ज्या तासांना पोरांसाठी कुठलीच सोय नाही नेमके तेच तास कायद्याने कामासाठी मोकळे ठेवलेत. आमच्याकडे आठवी-नववीच्या मुली अभ्यासिकेत यायच्या बंद होतात तेव्हा त्या कुठे बसलेल्या असतात ते आम्हाला विचारावं लागत नाही. मुलांचं वेगळं, ती चौकात सापडतात, मावा तोंडात आणि हातात कुणाचा तरी मोबाईल.

उन्हाळ्यात तर आणखी एक गोष्ट बंद होते, ती म्हणजे शाळेतलं जेवण. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ किंवा तेवढं धान्य मिळतं, वर डाळ-भाजी. बऱ्याच घरांत दुपारचं नीट जेवण तेवढंच असतं हो. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण द्या असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलं, पण दुष्काळ जाहीर न झालेल्या वर्षी मे महिन्यात पोटाचं काय? सोलापूरचा मे म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, वर पत्रा. दुपारी त्या घरात थांबवत नाही म्हणून पोरं बाहेर पडतात, आणि बाहेर जायला जागा नाही.

आता पैशांबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. लोकांना वाटतं या कामाला पैसा नसतो. पैसा असतो, पण तो वस्तूंना मिळतो, माणसांना मिळत नाही. दप्तरं देतात, वह्या देतात, टॅब देतात, भिंतींवर कार्टून रंगवून देतात, फोटो होतात. पण आम्ही म्हणतो की दोन तायांचं वर्षभराचं मानधन द्या, तर उत्तर येतं की पगाराला पैसे देत नाही, पॉलिसी नाही. एका कंपनीच्या सीएसआर विभागाने, म्हणजे समाजकामावरचा खर्च बघणाऱ्या विभागाने, आम्हाला असंही सांगितलं की कायद्यानेच ५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही, त्यात तुमचे पगार बसणार नाहीत. हे वाचणाऱ्या प्रत्येक छोट्या संस्थेने नीट लक्षात ठेवावं की ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. एखादा प्रकल्प आखणं, प्रत्यक्ष राबवणं, त्याची देखरेख करणं यावर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही असं नियमातच लिहिलंय. अभ्यासिकेत शिकवणारी ताई हाच तर आमचा प्रकल्प आहे, ती नसेल तर उरतं काय, एक खोली आणि सतरंजी!

कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकामावर खर्च करायचे, आणि कंपनी जिथे चालते त्या भागाला प्राधान्य द्यायचं हेही त्याच कलमात आहे. शिक्षण तर अशा कामांच्या यादीत आहेच. म्हणजे सोलापुरात, चिंचोळीच्या एमआयडीसीत ज्यांचे कारखाने आहेत आणि जे या कायद्यात बसतात त्यांनी इथल्या वस्तीतल्या पोरांसाठी काही केलं तर तो उपकार होत नाही.

दुसरी अडचण कॅलेंडरची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मंजुरी वर्षाची असते, मार्चमध्ये हिशोब, युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे पैसे त्याच कामाला वापरल्याचा दाखला, रिपोर्ट, मग नवीन प्रस्ताव, मग कमिटीची मीटिंग, आणि पुढचा हप्ता हातात येईपर्यंत पावसाळा सुरू झालेला असतो. म्हणजे एप्रिल, मे, जून हे तीन महिने, ज्यांतल्या सुट्टीत पोरं दिवसभर मोकळी असतात आणि केंद्र सकाळपासून उघडं हवं, तेव्हाच तिजोरी रिकामी. ताईला दोन-तीन महिने मानधन मिळत नाही, तिच्या घरीही खाणारी तोंडं आहेत, ती कापडाच्या दुकानात लागते आणि जून-जुलैत पैसे आले की आम्ही नवीन ताई शोधायला निघतो. पोरांना जुन्या ताईची सवय झालेली असते, काही जण तर परत येतच नाहीत. खरं तर चालू प्रकल्प म्हणून पुढच्या तीन आर्थिक वर्षांपर्यंतची मंजुरी देण्याची सोय सीएसआरच्या नियमात आहे. ती वापरा एवढीच विनंती आहे.

खासदार निधीचंही तसंच. वर्षाला ५ कोटी एका खासदाराला मिळतात, पण नियम टिकाऊ मालमत्ता उभी करण्याचा आहे, कुणाच्या मानधनाला तो वापरता येत नाही. त्यामुळे गावोगाव समाजमंदिरं झाली, अभ्यासिकेचे हॉल झाले, नावाची पाटी लागली, आणि आत लाइट लावून बसायला माणूस नाही म्हणून कुलूप. आमच्याच भागात असे हॉल आहेत जे लग्न आणि निवडणूक सोडली तर उघडत नाहीत. महापालिकेच्या शाळा तर संध्याकाळी सगळ्याच बंद. वर्ग आहेत, बाक आहेत, पाणी आहे, संडास आहेत, मैदान आहे, आणि आम्ही भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस पोरं बसवतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट म्हटलंय की शाळेच्या वेळेनंतर इमारतीची न वापरलेली जागा समाजासाठी वापरता येईल, सामाजिक चेतना केंद्र म्हणून. धोरण आहे, इमारत आहे, पोरं दारात उभी आहेत. किल्ली मागायला गेलं की मुख्याध्यापक म्हणतात वरून लेखी आणा, काही तुटलं-फुटलं तर जबाबदारी कुणाची. त्यांचं चूक नाही, त्यांना खरंच कुणी लेखी दिलेलं नाही. आणि संध्याकाळच्या वेळेसाठी शिपायाचा, लाइटबिलाचा, झाडलोटीचा खर्च कुणी धरलेलाही नाही.

ट्रेनिंगबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण यावर कुणी बोलतच नाही. सगळ्यांना वाटतं, बारावी झालेली मुलगी आहे, पोरांना घेऊन बसेल, त्यात काय शिकायचं. एका खोलीत दुसरी ते नववीची पोरं असतात, सहावीतल्या एखाद्याला अजून जोडाक्षर येत नाही आणि चौथीतली पोरगी धडाधड गोष्ट वाचते. इयत्तेप्रमाणे बसवलं तर दोघांचंही नुकसान. कोण अक्षरावर आहे, कोण शब्दावर, कोण परिच्छेदावर हे आधी तपासून तसे गट करायचे असतात, आणि हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचन कुठून सुरू करून द्यायचं हे तर बीएड झालेल्यांनाही जमेलच असं नाही. शिवाय एखाद्या मुलीने काही सांगितलं, घरातल्याच माणसाबद्दल सांगितलं, तर ताईने काय करायचं? पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळली की ती पोलिसांकडे द्यावीच लागते, लपवणं हा गुन्हा आहे. वीस वर्षांच्या मुलीवर हे सगळं टाकायचं आणि तिला कधी एक दिवसही नीट बसवून समजावून सांगायचं नाही? उन्हाळ्यात मैदानावर पोरगं चक्कर येऊन पडलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे तरी तिला माहीत हवं.

वस्तीतली मुलगी शिकवू शकते का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी सांगते. 'प्रथम' या संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' नेमल्या, त्याच भागातल्या शिकलेल्या तरुण मुली, सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचं ट्रेनिंग आणि थोडंसं मानधन. मागे पडलेल्या पोरांना त्या रोज दोन तास वेगळं शिकवायच्या. मुंबई आणि बडोद्यात याचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला, आणि पोरांच्या, विशेषतः मागे पडलेल्यांच्या मार्कांत चांगली वाढ दिसली. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उत्तर प्रदेशात जौनपूरला गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेनंतर वाचनवर्ग घेतले, जी पोरं आली त्यांचं वाचन सुधारलं पण आली फार थोडी. मला हा दुसरा अनुभव जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसता वर्ग काढून चालत नाही, घरोघर जाऊन पोरगं आणावं लागतं, आईशी बोलावं लागतं, एक दिवस आलं नाही तर विचारायला जावं लागतं. हे काम कुठल्याच रिपोर्टच्या फॉर्ममध्ये नसतं आणि तायांचा निम्मा जीव त्यातच जातो.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून संध्याकाळच्या शाखांवर पोरांना खेळ, गाणी, कलापथक देत आलंय. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. ही परंपरा असलेल्या राज्यात शाळेबाहेरच्या वेळेचा विचार करणारी एक साधी योजना का नाही, आणि जे चाललंय ते फक्त कुणाच्या तरी वैयक्तिक तळमळीवर का चालावं?

खर्च फार मोठा नाही. दोन तायांना महिना सहा-सहा हजार धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार. चाळीस पोरांना रोज दहा रुपयांचा खाऊ, शेंगदाणे-चिक्की किंवा केळं, महिन्याचे पंचवीस दिवस, ते झाले १ लाख २० हजार. पुस्तकं, खेळाचं साहित्य आणि ट्रेनिंग धरून वर्षाला तीन लाखांच्या आसपास एक केंद्र चालतं, म्हणजे एका पोरामागे महिन्याला सव्वासहाशे. जागा महापालिकेने दिली तर एवढ्यात होतं. सहा हजार मानधन कमीच आहे हे मला मान्य आहे, पण ते बाराही महिने वेळेवर आलं तर मुली टिकतात एवढं अनुभवाने सांगते.

ट्रेनिंगसाठीही नवीन संस्था काढायची गरज नाही. जिल्ह्याला 'डाएट' म्हणजे शिक्षकांना ट्रेनिंग देणारी सरकारी संस्था आहे, तिथल्या लोकांनी दर वर्षी एप्रिलमध्ये दहा-बारा दिवस आमच्यासारख्या तायांसाठी द्यावेत, सर्टिफिकेट द्यावं, म्हणजे उद्या कुठे नोकरीला गेली तरी तिच्या हातात काही असेल. कॉलेजातल्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. झाडं लावणं, रॅली काढणं चालू द्या, पण त्यातले थोडे तास जरी वस्तीतल्या वाचनवर्गाला मिळाले तर आमच्याकडे चाळीस पोरांमागे दोनाच्या जागी पाच-सहा माणसं होतील. फक्त पोरांमध्ये पाठवण्याआधी त्यांचीही पडताळणी आणि ट्रेनिंग व्हायला पाहिजे, त्यात सूट नको.

महापालिकेच्या शिक्षण मंडळाला तुमच्या पेपरातून विचारायचंय. पूर्व भागातल्या एकाच शाळेचे चार वर्ग आणि मैदान संध्याकाळी साडेपाच ते आठ आणि मे महिन्यात सकाळी सात ते अकरा उघडं ठेवायला काय लागेल? लेखी परवानगी, एक शिपाई, लाइटबिल आणि दुपारच्या खिचडीची सोय, याचा हिशोब करून येत्या बजेटमध्ये एक ओळ टाकता येईल का? शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांची सही आणायची जबाबदारी आम्ही घेतो. उत्तर नाही असेल तर तेही लेखी द्यावं, म्हणजे आम्हाला पुढे कुणाकडे जायचं ते कळेल.

आपली,
एक अभ्यासिका चालवणारी वाचक,
पूर्व भाग, सोलापूर