व्हेनिसमधील अनोळखी मदतनीसांचे आभार

व्हेनिस पाहताना आम्हा पतिपत्नीचा मुक्काम लगूनपलीकडे, मुख्य भूमीवरील फुसिना येथे तंबूत होता. पहिल्याच रात्री वादळी पावसाने तंबूच्या मेखा उपटल्या, तेव्हा शेजारच्या कॅरॅव्हॅनमधील वृद्ध डच दांपत्याने भर पावसात बाहेर येऊन आपल्याकडील लांब लोखंडी मेखा ठोकून दिल्या आणि वर गरम कॉफीही पाजली, याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. (आमच्या मेखा प्लॅस्टिकच्या होत्या, ही चूक सर्वस्वी माझी, पत्नीने ती निघण्यापूर्वीच दाखवून दिली होती.)

दुसऱ्या दिवशी सान मार्को चौकात, १९०२ साली कोसळून १९१२ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या मनोऱ्यापाशी आम्ही इतके रेंगाळलो की झात्तेरे धक्क्यावरून फुसिनाला जाणारी शेवटची बोट चुकली. तेथील एका महिलेने, भाषेची अडचण असूनही, कागदावर नकाशा काढून पियात्साले रोमा या बस सुटणाऱ्या चौकापर्यंत चालत जाण्याचा आणि तेथून १९३३ साली खुल्या झालेल्या पुलावरून बसने मुख्य भूमीवरील मेस्त्रेला पोहोचण्याचा मार्ग समजावला. पहिले तीन पूल ओलांडेपर्यंत त्या स्वतः सोबत आल्या. मेस्त्रेहून आम्हाला तंबूपर्यंत सोडणाऱ्या तरुणाने पैसे घेण्यास नम्रपणे नकार दिला. यांपैकी कोणाचेही नाव विचारण्याचे आम्हाला सुचले नाही, याची रुखरुख आहे. त्या डच आजोबांच्या दोन मेखा मात्र अजून आमच्याकडेच राहिल्या आहेत.