रविवारी साडेपाचला मेहरूण तलावावर, पोरांसकट

राम राम मंडळी, या रविवारपासून साडेपाचलाच जमायचंय, नंतर जळगावचं ऊन काय करतं ते सांगायला नको. पोरांना सोबत आणा बरं का, मागच्या वेळी आपण सगळे हजर आणि पोरं घरी घोरत, कारण रात्री दीडपर्यंत पांघरुणात रील्स. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइनमधे ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळणं-पळणं सांगितलंय, आणि १३ ते १८ वाल्यांना झोप ८ ते १० तास लागते, म्हणजे पाचला उठायचं तर नऊलाच आडवं व्हावं लागतं, हिशोब करा. शनिवारी साडेआठला मोबाईल किचनमधे चार्जिंगला, आईबापांचा पण हं! पोहे माझ्याकडे.