ग्राफिंग कॅल्क्युलेटर निवडताना वाट दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या डिझाइन विभागासाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर निवडताना तुम्ही केलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार. हे पत्र खुलं ठेवलं आहे, कारण तुमचा सल्ला असं यंत्र घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. मेमरी किती, पडदा केवढा, हे आकडे बाजूला ठेवा आणि रोजची गणितं यंत्रावर करून बघा, असं तुम्ही सांगितलंत. एवढ्यावर न थांबता चाचणीची गणितंही काढून दिलीत.

पहिलं गणित दिसायला साधं होतं: १० मिलिहेन्रीची कॉइल (एल) आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (सी) यांच्या परिपथाची अनुनाद वारंवारता. उत्तर १५९१.५ हर्ट्झ यायला हवं. पण सूत्र जसंच्या तसं, छेदाला कंस न घालता, १/२π√(एल×सी) असं भरलं तर टीआय-८४ प्लस सीई डावीकडून उजवीकडे जातं आणि ०.०००१५७ दाखवतं. कॅसिओच्या यंत्रांवर न लिहिलेल्या गुणाकाराला भागाकाराच्या आधी मान असतो. म्हणून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याचा हात इथे हमखास चुकतो. छेद पूर्ण कंसात घाला किंवा अपूर्णांकाचा साचा वापरा, ही तुमची सूचना प्रत्येक यंत्राला लागू पडते.

त्याच परिपथाचा आलेख काढायला लावलात ते तर फारच मोलाचं. क्यू (अनुनादाचं शिखर किती टोकदार याचं माप) १०० असेल तर पट्टरुंदी, म्हणजे शिखराची रुंदी, १६ हर्ट्झच्या आसपास येते. ० ते १०,००० हर्ट्झ एवढी खिडकी ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मांडली की दोन शेजारच्या स्तंभांत ३१ हर्ट्झचं अंतर पडतं. स्तंभागणिक एकच किंमत काढणारं यंत्र मग शिखर अर्धवट दाखवतं किंवा त्यावरून उडीच मारतं. खिडकी १५०० ते १७०० केली की एका स्तंभाला ०.६ हर्ट्झ येतात आणि शिखर स्वच्छ दिसतं. आलेखात काही दिसलं नाही म्हणून तिथे काही नाही असं धरू नये, हे इतक्या नेमकेपणाने दाखवल्याबद्दल विशेष आभार.

विद्युत शाखेच्या लोकांसाठी निवडीचा निकाल लावणारी चाचणी मात्र संमिश्र संख्यांच्या मॅट्रिक्सची. टीआय-८४ प्लस सीई संमिश्र संख्या एकेकटी हाताळतं, मॅट्रिक्समध्ये घेत नाही. अॅडमिटन्सचा (परिपथ प्रवाहाला किती वाट देतो त्या मापाचा) वास्तव भाग जी आणि काल्पनिक भाग बी वेगळे करून वरच्या ओळीत जी, उणे बी आणि खालच्या ओळीत बी, जी असा दुप्पट मॅट्रिक्स रचला की काम भागतं. पण संदर्भाचा नोड (जोडबिंदू) सोडून ४ नोड असलेल्या परिपथाला ८×८ चा मॅट्रिक्स भरावा लागतो, म्हणजे ६४ आकडे, आणि त्यात एक चिन्ह चुकलं की सगळंच गेलं. एचपी प्राइम आणि टीआय-एनस्पायर सीएक्स टू कॅस संमिश्र मॅट्रिक्स थेट घेतात. हे काम रोजचं असेल तर आमच्या मते इथेच निर्णय होतो.

या दोन्हींच्या खोडीही तुम्ही आधीच सांगून ठेवल्यात. एचपी प्राइमच्या होम पडद्यावर कॅपिटल एक्सला कायम काहीतरी किंमत असते, सुरुवातीला शून्य. अज्ञात म्हणून वापरायचा असेल तर कॅसमध्ये, म्हणजे अक्षरांसकट बीजगणित करणाऱ्या भागात, जाऊन स्मॉल एक्स घ्यावा. आरपीएन पद्धत (आधी आकडे, मग क्रियेचं चिन्ह) होममध्ये चालते, कॅसमध्ये नाही. एनस्पायरवर काल्पनिक आय (उणे एकचं वर्गमूळ) चिन्हांच्या यादीतून घ्यावा. अक्षरांच्या बटणाने आय टाकला तर यंत्र त्याला साधं चल समजतं आणि उत्तरात तो तसाच लोंबकळत राहतो.

कॅस हवंच का, या प्रश्नाचं तुमचं उत्तर आम्हाला पूर्ण पटलं. सूत्र उलटवणं, उलट लाप्लास रूपांतराआधी आंशिक अपूर्णांक पाडणं यासाठी ते उत्तम. पण मोठा मॅट्रिक्स अचूक अपूर्णांकांत सोडवायला लावला तर अंश-छेद फुगत जातात आणि यंत्र रेंगाळतं. एनस्पायरवर ऑटो मोडमध्ये एक आकडा दशांशात दिला तरी ते दशांशात उत्तर काढू लागतं. परीक्षा द्यायची असेल तर तिची परवानगीची यादी खरेदीआधी वाचावी. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या परवान्यासाठीच्या एफई आणि पीई परीक्षांत तर ग्राफिंग यंत्र मुळीच चालत नाही.

मेकॅनिकल शाखेसाठी दिलेलं, पाइपमधल्या प्रवाहाचं घर्षण काढणारं कोलब्रुक समीकरणही तितकंच बोलकं. रेनॉल्ड्स संख्या १,००,००० आणि सापेक्ष खडबडीतपणा ०.०००२ असताना घर्षणांक ०.०१९ येतो. सॉल्व्हरला सुरुवातीचा अंदाज ०.०२ द्यावा आणि खालची मर्यादा शून्याच्या किंचित वर ठेवावी. शोध ऋण बाजूला सरकला की वर्गमूळ अडतं आणि एरर येते. आणि कोन! डिग्री मोड राहून गेला तर साइनचं शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह १ ऐवजी ०.०१७४५ येतं. हा आकडा दिसला की आधी मोड तपासायचा, हे आता सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे.

बॅटरीचं थोडक्यात: साइटवर फिरणाऱ्यांना कॅसिओ एफएक्स-सीजी५० चे चार ट्रिपल-ए सेल सोयीचे, टेबलावर बसणाऱ्यांना चार्ज होणारी यंत्रं.

तुमची हीच गणितं विभागात नव्याने येणाऱ्यांना द्यायचं मनात आहे. तुमची परवानगी असावी, आणि पूल किंवा इमारतींच्या कामासाठी आणखी एखादं गणित सुचलं तर जरूर कळवा.

आपले ऋणी,
डिझाइन विभागातले सर्व अभियंते