पॅटर्नवाल्या मामांचे जाहीर आभार

मामा,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल आणि तुम्ही निम्म्यातच म्हणाल, "बास की आता." तरी पुरतं ऐका.

म्हैसूरच्या राजवाड्यातल्या शिसवी दरवाज्यावरचं हस्तिदंती जडावकाम पाहून माझ्या डोक्यात खूळ शिरलं. बहिणीच्या रुखवतात आपल्या हातच्या पाच डब्या मांडायच्या, झाकणावर कुयरी जडवलेल्या. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्यानं बंद आहे, आणि बरंच आहे ते. मी सागवानात फणसाची पिवळी कुयरी आणि तिला शिसवाचा काळपट देठ असं योजलं. पहिली डबी झाली, दिसलीही छान. तीन आठवड्यांत झाकण होडीसारखं वाकलं आणि कुयरी सुटून कपाटाखाली गेली. वखारीत 'एकदम सुकं' म्हणून दिलेलं लाकूड ते.

ती कुयरी मुठीत घेऊन तुमच्या दारात आले. तुम्ही उद्यमनगरात फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांचा ठसा वाळूत उठवून त्यात लोखंड ओततात ते नमुने, करायचात, एवढंच ऐकलं होतं. तुम्ही माझ्या फळीचा तुकडा मामींच्या काट्यावर ठेवलात, ४१२ ग्रॅम भरला. आकडा त्याच्यावरच लिहून म्हणालात, "दर रविवारी तोल. वजन उतरायचं थांबलं की ये." ३६८ वर थांबायला पाच आठवडे गेले. तोवर मला सहाणेवर पटाशीला धार लावत बसवलंत. मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय म्हणाले, ते इथं नको.

आणि ती पट्टी! ओतीव लोखंड थंड होताना शंभराला साधारण एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच तेवढी वाढीव असते, हे मला काय ठाऊक? डबी मी माझ्या पट्टीनं मापली, झाकण तुमच्या. १५० मिलिमीटरला दीड मिलिमीटर जास्त. तुम्ही इतके हसलात की मामी चहाचं आधण सोडून बाहेर आल्या.

कुयरी नीट बसली ती मात्र तुमच्या धंद्यातल्याच युक्तीनं. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या कडांना किंचित ढाळ देतात. तोच ढाळ कुयरीच्या कडेला द्यायचा, खालचं अंग जरासं निमुळतं ठेवायचं, म्हणजे ती बाटलीच्या बुचासारखी खाचेत घट्ट होत जाते. खाचेची रेघ पेन्सिलीनं नाही, सुरीच्या टोकानं. "पेन्सिलीची रेघ म्हणजे रस्ता झाला पोरी, त्यात तू डावीकडनं जाणार का उजवीकडनं?" सागवान तेलकट, म्हणून फेविकॉलआधी थिनरचा बोळा. कुयरीच्या रेषा झाकणाच्या रेषांच्याच दिशेनं.

पॉलिश पेपर घासला तर शिसवाची काळी पूड फणसाच्या पिवळ्यात बसते, म्हणून तुम्ही फुटक्या खिडकीच्या काचेचा तुकडा दिलात. त्याच्या कडेनं तासताना कांदा सोलल्यागत पातळ वळ्या निघाल्या आणि खालून फणस हळदीसारखा उजळला. अर्धा तास मी नुसती तेवढंच करत बसले होते.

पण आभार खरे दुसऱ्याच गोष्टीचे. तिसऱ्या झाकणावर माझी पटाशी घसरली आणि कुयरीचं टोक तुटलं, तेव्हा मी ती तुमच्यापुढे धरली होती. तुम्ही दोन मिनिटांत ते निस्तरलं असतंत. तुम्ही हात पाठीमागे बांधलेत आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. तीन महिन्यांत एकदाही माझं हत्यार हातात घेतलं नाहीत. रुखवत बघायला आलेल्या आत्यांना मी "सगळं मीच केलं" असं छातीठोक सांगू शकले, ते त्यामुळे.

रुखवतात चारच डब्या मांडल्या. तुटक्या टोकाची पाचवी मामींच्या लवंग-वेलचीसाठी ठेवलीय.

काचेची कड आता बोथट झालीय. रविवारी येते, खिडकीची आणखी एखादी काच फुटली असेल तर टाकू नका.

तुमची,
कुयरीवाली