धारगळच्या कॅसिनोआधी मांडवीकडे बघा

संपादक महोदय,

उत्तर गोव्यातल्या धारगळ गावच्या कॅसिनो-हॉटेल प्रकल्पावर जो वाद चाललाय त्यात समर्थक सारखं म्हणतात की मोपा विमानतळ जवळ आहे, पंचतारांकित हॉटेल येईल, पोरांना नोकऱ्या लागतील. नोकऱ्या लागतात हे खरंय, आमच्या शेजारचा मुलगा कॅसिनोत पत्ते वाटणारा डीलर आहे, पहाटे घरी येतो तेव्हा खिशात बो टाय आणि डोळे लाल, पगार वेळेवर होतो असं त्याची आईच सांगते. मी नाकारत नाही.

पण पणजीत राहणाऱ्याला विचारा. १९९६ ला गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून कॅसिनो बोटींना परवानगी दिली, तात्पुरतं तात्पुरतं म्हणत आज मांडवी नदीत सहा बोटी उभ्या आहेत, संध्याकाळी बांदोडकर मार्गावर पार्किंग शोधून दाखवा, एक चक्कर मारेपर्यंत भाजी शिळी होते! शिवाय २०२० पासून गोंयकारांना आत खेळायला बंदी आहे, म्हणजे हे वाईट आहे हे सरकारलाही पटलेलंच आहे की, फक्त बाहेरच्यांचं घर बुडालं तर चालतं.

आणि धारगळची जमीन कुठली तर तिळारी धरणाच्या लाभक्षेत्रातली, म्हणजे धरणाच्या पाण्याने भिजायची. त्या धरणासाठी दोडामार्गच्या लोकांनी गावं सोडली ती शेतीला पाणी मिळावं म्हणून, रूलेट फिरवायला नाही. शेजारी महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच केला नाही आणि २०२३ ला रद्दही करून टाकला.

धारगळच्या ग्रामसभेत आधी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवा, मग परवानगीचं बोला.

– एक पणजीकर